चौदा नंबरची पुडी

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या परिचराला मुलं 'काटाकाका' म्हणत, आणि काका वरवर करवादले तरी हे नाव त्यांना मनातून फार आवडायचं. तराजूचा काटा कसा, तसे काका. शिक्षण जेमतेम दहावी, पण बाई, म्हणजे विभागप्रमुख, परीक्षेच्या पुड्या दुसऱ्या कुणाला बांधू देत नसत. पांढऱ्या भुकटीच्या पंचवीस पुड्या, वर नुसता नंबर. आत कुठलं मीठ, म्हणजे कुठला क्षार आहे ते मुलांनी ओळखायचं. कुणाला काय दिलंय ते बाईंच्या यादीत. बावीस वर्षांत एक पुडी इकडची तिकडे झाली नव्हती.

कॉलेज तसं जगावेगळं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी सगळं शिकायचं. कविता वाचणाऱ्याने क्षार ओळखायचे, क्षार ओळखणाऱ्याने निबंध लिहायचे. वर्ष संपताना एक फॉर्म भरून आपला मुख्य विषय निवडायचा, आणि पुढची तीन वर्षं त्याचीच. "ना शेंडा ना बुडखा असलं शिक्षण," काका सुरुवातीला म्हणायचे. मग एक इतिहासाकडे निघालेला पोरगा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जेवायची सुट्टी विसरला, तेव्हापासून त्यांनी तोंड आवरलं.

त्या वर्षी एक मुलगी होती. काका तिला 'प्रश्नावली' म्हणायचे. "काका, ही बाटली तपकिरीच का? काका, हे मीठ ओलं का होतं?" काका म्हणायचे, "अगं बाई, दम तरी घे!" आणि मग एकेक सांगत बसायचे. घरी गेल्यावर बायकोला म्हणायचे, "ही पोरगी आमच्याकडेच येणार, बघ. लिहून ठेव."

परीक्षा गुरुवारी होती, फॉर्म शनिवारपर्यंत. प्रश्नावलीला चौदा नंबरची पुडी आली. तिने तार आम्लात बुडवली, भुकटीला लावली, ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. तिने वहीत लिहिलं, 'हिरवी'. म्हणजे बेरियम.

बाईंनी यादी पाहिली. "चौदाला स्ट्रॉन्शियम आहे. ज्योत लाल यायला हवी."

"बाई, मी तीनदा केलं. हिरवीच येते."

"तार धुतली नसशील नीट. आधीच्या कुणाचं तांबं राहिलं असेल, त्यानेही ज्योत हिरवी होते." बाई रागावल्या नव्हत्या, घाईत होत्या. "हे बघ, काकांचा हात बावीस वर्षांत चुकलेला नाही. मग चुकलं कोण?"

काका तिथेच होते, नळाजवळ, हातात बाटल्या घासायचा ब्रश. हात चुकलेला नाही, हे ऐकून त्यांची छाती जराशी फुगलीसुद्धा. आणि सहज म्हणून त्यांची नजर फळीवर गेली. स्ट्रॉन्शियमची चिठ्ठी लावलेल्या बाटलीच्या बुचाचा एक टवका उडालेला होता. टवका उडालेलं बूच बेरियमचं! ते काकांच्याच हातून पडलं होतं, पाच वर्षांपूर्वी. पंधरवड्यापूर्वी आम्लाच्या वाफेने चिठ्ठ्या गळल्या, म्हणून त्यांनी दोन्ही बाटल्यांना नव्या डकवल्या होत्या. तेव्हा चहा निवत होता, शिपाई हाका मारत होता. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती.

एक वाक्य बोलायचं होतं, "बाई, चूक माझी." बस, एवढंच. पण पंचवीस पोरं बघत होती, बाई बघत होत्या, आणि तो मेला काटा! काकांनी मिठाची गुळणी धरली. उलट मान खाली घालून ब्रश जोरजोरात चालवला, धुतलेलीच बाटली पुन्हा धुतली.

त्या प्रयोगशाळेत खोडरबराला बंदी. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. प्रश्नावलीने क्षणभर समोर पाहिलं, मग 'हिरवी'वर एक सरळ रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, 'लाल'. बाईंनी दया येऊन निम्मे गुण दिले.

शुक्रवारी काका ठरवून निघाले होते सांगायचं. बाईंना बैठक होती. बैठक संपली तेव्हा काकांना भांडार आवरायचं आठवलं. शनिवारी बायकोला सांगितलं तर ती उसळलीच, "पोरीला खोटं पाडलंत आणि घरी येऊन जेवताय? तोंड शिवलं होतं का तुमचं?" काका म्हणाले, "सोमवारी सांगतो." सोमवार! लाज वाटणाऱ्या माणसाला सोमवार फार सोयीचा असतो.

सोमवारी प्रश्नावलीच आली. पांढरा एप्रन धुऊन, घडी घालून आणला होता. "काका, पुढच्या वर्षी कुणाला लागला तर द्या. मी इतिहास घेतला."

"का गं?" काकांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना.

"समोर लाल असताना मला तीनदा हिरवं दिसलं. अशा डोळ्यांनी काय विज्ञान करायचं?" ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मग काकांनी सांगितलं. चिठ्ठ्या, बूच, सगळं. बोलताना ते एप्रनच्या घडीकडे बघत होते. "तुझे डोळे चांगले आहेत, पोरी. हिरवीच होती."

तिने एकच प्रश्न विचारला. "तुम्हाला कधी कळलं, काका?"

खोटं बोलता आलं असतं. 'काल' म्हटलं असतं तर तिने मानलंही असतं.

"तेव्हाच," काका म्हणाले. "तू रेघ मारायच्या आधी."

"हो ना," ती हळूच म्हणाली. "रेघ मारायच्या आधी मी तुमच्याकडेच बघितलं होतं. तुम्ही बाटली धूत होता, म्हणून मला वाटलं, चूक माझीच असणार."

काका त्याच पावली बाईंकडे गेले. बाईंनी गुण दुरुस्त केले, कार्यालयात फोन केला. फॉर्म शनिवारीच पुढे गेले होते, आता काही होणार नव्हतं. "काका, माणूस आहे, चुकायचंच," बाई म्हणाल्या. त्या शिव्या देत्या तर बरं झालं असतं.

पुड्या अजून काकाच बांधतात. मुलं अजून 'काटाकाका' अशी हाक मारतात. काका ओ देतात, पण मान वर करत नाहीत.