जोडसही

ईसीजीच्या सिस्टर म्हणजे हृदयविभागातली हलक्या हाताची बाई. धातूच्या थंडगार वाट्या छातीला लावायच्या म्हटलं की पेशंट अंग चोरतो, म्हणून त्या आधी एकेक वाटी स्वतःच्या तळहातात धरून उबवायच्या. तोवर गप्पा चालू. "काका, श्वास रोखू नका. परीक्षा माझ्या मशीनची आहे, तुमची नाही." सव्वीस वर्षांत कागदावरच्या रेघा त्यांना इतक्या पाठ झाल्या होत्या, की पट्टी निम्मी बाहेर यायच्या आत त्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला हाक मारत, "सर, चहा ठेवा खाली आणि पळत या!"

अशा बाईला घरी मान असणारच. दोन मजली घर. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर सिस्टर आणि त्यांचा नवरा. जाऊबाईंना त्या ताई म्हणत. तीन वर्षांपूर्वी ताईंना हार्ट अटॅक आला आणि तेव्हापासून त्यांचं हृदय निम्म्याच ताकदीनं चालत होतं. जिना बंद, मीठ मोजून, पाणी मापून. रोज सकाळी सिस्टर खाली येत, ताईंना वजनकाट्यावर उभं करत, घोट्यावर अंगठा दाबून सूज बघत, वहीत आकडा लिहीत आणि मगच कामाला जात. एक दिवस चुकला नाही.

आणि घरात कुणीही येवो, शेजारीण असो नाहीतर मीटर बघायला आलेला माणूस, ताई सुरू होत.

"ही नसती ना, तर मी आज भिंतीवर असते. फोटोत! सकाळी खाली आली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि सरळ गाडीत घातलं मला. चप्पलसुद्धा घालू दिली नाही."

"पुरे हो ताई."

"का पुरे? खोटं बोलतेय का मी?"

सिस्टरांना अशा वेळी हमखास वर दूध उतू गेल्याचा वास यायचा. त्या तडक जिना चढायच्या. गॅसवर काही नसायचं. ओट्याला टेकून त्या नुसत्याच उभ्या राहायच्या.

ताई खोटं बोलत नव्हत्याच. फक्त त्यांची गोष्ट सकाळी सुरू व्हायची आणि सिस्टरांची आदल्या दुपारी.

नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर नर्सना प्रशिक्षणाचे गुण लागत. त्यासाठी दर तीन वर्षांनी हॉस्पिटलच्या सभागृहात हृदयविकाराची दिवसभराची उजळणी व्हायची. हजेरीच्या कागदावर दोन रकाने, सकाळ आणि दुपार. आता सव्वीस वर्षं रेघा वाचणाऱ्या बाईला कोण काय शिकवणार? म्हणून जुन्या सिस्टरांनी एक सोय काढली होती. सकाळी आल्या आल्या दोन्ही रकान्यांत सही ठोकायची आणि जेवणानंतर मागच्या दारानं पसार व्हायचं. तिला नावही होतं, जोडसही. "जोडसही झाली का गं?" असं एकमेकींना विचारायचं आणि हसायचं.

त्या दिवशी जोडसही करून सिस्टर पडद्यांचं कापड घ्यायला गेल्या. दुकानात, हातात निळ्या कापडाचं टोक असताना, ताईंचा फोन आला.

"अगं, कामात आहेस का? जबडा दुखतोय सकाळपासून. खांदे भरून आलेत. मळमळतंय."

"छातीत दुखतंय का?"

"छातीत नाही गं. पण कसंसंच होतंय."

"ढेकर येतोय?"

"येतोय. आला की जरा बरं वाटतं."

"मग पित्त आहे, ताई. ढेकरानं बरं वाटलं की समजायचं, पित्त. गोळी घ्या आणि पडून राहा."

फोन एका मिनिटाच्या आत संपला. संध्याकाळी घरी आल्यावर खाली दिवा दिसला, पण ताई पडल्या असतील, कशाला उठवा, म्हणून त्या सरळ वर गेल्या. सकाळी खाली आल्या तेव्हा ताई घामानं निथळत बसल्या होत्या. पुढचं सगळं ताई सांगतात तसंच झालं. एवढंच, की मधल्या तासांत हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. गुंगीतून उठलेल्या ताईंना त्या फोनची आठवणच राहिली नव्हती. सिस्टरांनीही ती करून दिली नाही.

ढेकरानं आपल्याला फसवलं, कुणालाही फसवलं असतं, अशी त्या मनाची समजूत घालत. तीन वर्षं ती कशीबशी टिकली.

यंदाच्या उजळणीलाही त्यांनी जोडसही केली, सवयीनं. पण नव्या मेट्रनबाई जेवणानंतर मागच्या दाराशीच खुर्ची टाकून बसल्या, त्यामुळे सगळ्या जणी मुकाट आत. दुपारच्या सत्राला एक तरुण डॉक्टरीण उभी राहिली.

"विषय मागच्या वेळचाच आहे," ती म्हणाली, "बायकांमधला हार्ट अटॅक. तेव्हाही मीच शिकवला होता, दुपारीच. कोण कोण होतं? हात वर करा बघू."

शेजारी जनरल वॉर्डची मैत्रीण होती. तिनं सिस्टरांना कोपरानं ढोसलं. "कर ना वर! सही आहे आपली."

सिस्टरांचा हात वर गेला. सभागृहात तेवढा एकच हात.

"वा! मग सिस्टर, तुम्हीच सांगा. छातीत दुखत नसेल, तर कशावरून ओळखायचं?"

सिस्टर उभ्या राहिल्या. आणि तोंडातून घडाघडा येऊ लागलं. "जबडा दुखतो. खांदे भरून येतात. मळमळतं. कसंसंच होतं, पण बाई काम सोडत नाही. सकाळपासून दुखत असलं तरी दुपारीच सांगते. आणि... ढेकर येतो. ढेकर आला की बरं वाटतं."

"आणि ढेकरानं बरं वाटलं, तर?"

"तर... तर पित्त समजून घरी झोपवायचं नाही. ईसीजी काढायचा. लगेच."

"अगदी हेच वाक्य होतं मागच्या वेळी माझ्या पडद्यावर!" डॉक्टरीण हरखून म्हणाली. "बघा, याला म्हणतात शिकणं. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मैत्रीण कानाशी कुजबुजली, "कुठून गं पाठ केलंस?" सिस्टर खाली बसल्या, पण खुर्ची कुठे आहे ते त्यांना पाठीला लागेपर्यंत कळलं नाही. म्हणजे त्या निळं कापड बोटांनी चाचपत होत्या, तेव्हा इथे हेच वाक्य पडद्यावर होतं. आणि ते ऐकल्याची त्यांची सही होती.

सुटल्यावर त्या कारकुनाच्या टेबलाशी गेल्या. "माझी एक सही खोडायची आहे."

"आजची?"

"तीन वर्षांपूर्वीची. दुपारची."

कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. "बाई, गुण मिळाले, नूतनीकरण झालं, कागद कपाटात गेला. आता खोडायला गेलात तर कागदाला भोक पडेल. घरी जा, दमलात तुम्ही."

त्या घरी गेल्या. या खेपेला वर चढल्या नाहीत. ताई खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या. सिस्टर समोर बसल्या आणि कोर्टात सांगावं तसं सगळं सांगून टाकलं. फोन, ढेकर, पडद्याचं दुकान, जोडसही, पडद्यावरचं वाक्य. मधे रडल्या नाहीत. रडलं तर ताई समजूत काढतील, हे त्यांना ठाऊक होतं.

ताईंचे हात थांबले.

"मी फोन केला होता?"

"हो."

"आणि तू म्हणालीस, झोपा."

"हो, ताई."

"आणि मी झोपले." ताईंनी मान हलवली. "नर्स जाऊ म्हणाली ना, मग झोपायचं. शहाणीच मी!" जरा थांबून त्या म्हणाल्या, "तीन वर्षं तू रोज माझे घोटे दाबतेस. मला वाटायचं, काय माया आहे पोरीची."

"माया आहेच हो."

"असेल. पण किती माया आणि किती भीती, ते आता मी कसं ओळखू?"

ताई रागावल्या असत्या, त्यांनी हाकलून दिलं असतं, तर सिस्टरांना सोपं गेलं असतं.

"आणि मी गावभर काय सांगत सुटले!" ताईंना धाप लागली. सिस्टर पटकन उठल्या, तशी ताईंनी हातानंच थोपवलं. "बस तिथेच. नाडी नको बघूस माझी. आता लोकांना काय सांगू?"

"खरं सांगा."

"मी? मला दम लागतो. तू सांग."

टेबलावरचा फोन वाजू लागला. ताईंची धाकटी बहीण. ती रोज याच वेळी फोन करायची आणि निम्मा वेळ सिस्टरांचं कौतुक करायची. ताईंनी फोन उचलला, कानाला लावला नाही, तसाच पुढे केला.

"घे. हिच्यापासून सुरू कर."

"ताई, आत्ता?"

"मग कधी? जेवणानंतर मागच्या दारानं जायचंय का?"

पलीकडून आवाज आला, "हॅलो, ताई? कशी आहेस गं?"

सिस्टरांनी फोन कानाला लावला. ताई शेंग हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मी बोलतेय," सिस्टर म्हणाल्या. "ताई ठीक आहेत. तुम्ही जरा बसून घ्या. मला तुम्हाला एक सांगायचंय."