एटापल्लीचा लाखेचा डबा

मी एटापल्लीला गेलो तो एका माणसाला चोर ठरवायला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे जंगलाची वर्णनं वाचायला आलेल्यांची फसगत नको.

ऐंशीच्या दशकातला मे महिना. चंद्रपुरात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या प्रकाशच्या गिटारसाठी मी एक डबा बनवला होता. पायाने बटण दाबलं की गिटारचा आवाज फाटून लांबत जायचा. असा डबा आपल्या भागात फक्त माझा, ही माझी ऐट. खोड एकच: ऊन तापलं की आतले जुन्या जातीचे ट्रान्झिस्टर रुसायचे आणि आवाज घुसमटायचा.

एका कार्यक्रमानंतर हा डबा गडचिरोलीत आठ दिवस विसरून राहिला. पुढे महिन्याभरात प्रकाश सांगत आला, "अबे, एटापल्लीची गाण्याची पार्टी पाह्यली. त्यायच्या बेंजोले तुयाच डब्याचा आवाज! भर उन्हात वाजून राह्यला."

माझं डोकं फिरलं. त्या आठ दिवसांत कोणीतरी डबा उघडून नक्कल केली, दुसरं काय!

पहिली एसटी धरली. मूल, सावली ही गावं आणि मग वैनगंगा ओलांडून गडचिरोली. पाणी घरून न्या आणि खिडकी सावलीच्या बाजूची धरा; मी दोन्हींत चुकलो. स्टँडवर आलूबोंडा खाल्ला, तोही शिळा असणार अशा संशयाने. मुक्काम आलापल्लीत, पिशवी उशाखाली घेऊन. दुसऱ्या दिवशी सागाच्या जंगलातून एटापल्ली. रस्त्याकडेला तेंदूपत्त्याच्या जुड्या वाळत होत्या. शेजारच्या प्रवाशाने पिशवीकडे दोनदा पाहिलं, तेव्हा मी ती मांडीवर घेतली.

विचारत गेलो. त्या पार्टीचा डबा बनवणारे सोमाभाऊ स्टँडमागच्या कुडाच्या घरात रेडिओ दुरुस्त करत. मी गिऱ्हाईक असल्याची थाप मारली. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, तर आत काठोकाठ लाख ओतलेली! सर्किट कोणाला दिसू नये म्हणूनच. सापडला, मी मनात म्हणालो.

"लाख काऊन भरली, भाऊ?"

"पावसाळ्यात ओल धरते ना. लाख इथी भेटते." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "आत पाहाचं हाय?"

"हो."

"परवा बुद्धजयंतीचा कारेक्रम हाय," त्यांची बायको आतून म्हणाली. "बिघडला त मंग?"

"बिघडला त बनवू. भाऊ एवढ्या दुरून आले."

शेगडीवर सळई तापवून त्यांनी तासभर लाख वितळवली. आत माझं काहीच नव्हतं. आवाज मोठा करायला उन्हाला न भिणारे नवे ट्रान्झिस्टर, आणि तो फाडायला मेलेल्या रेडिओतले दोन डायोड. बस. इतकं सोपं मला का सुचू नये, याचाच राग आला.

"गडचिरोलीत मैदानात असा आवाज आयकला होता," ते म्हणाले. "डोक्यातून जाये नाई. मंग करत बसलो." तो आवाज माझ्या डब्याचा होता, हे मी सांगितलं नाही. "कागद देऊ? उतरून घ्या."

"नको भाऊ, मले काई समजलं नाई," मी म्हणालो. सगळं पाठ झालं होतं.

बाईंनी भात आणि अंबाडीची भाजी वाढली. मी दोनदा मागून घेतली. जेवण उत्तम होतं आणि मान वर करवत नव्हती.

चंद्रपूरला उतरलो तो घरी न जाता दुकानात गेलो. दोन दिवसांत तसाच डबा तयार केला आणि कोणी नक्कल करू नये म्हणून ट्रान्झिस्टरवरचे नंबर कानशीने घासून टाकले. प्रकाशने भर दुपारी वाजवून पाहिलं. आवाज जराही घुसमटला नाही.

"कसा केला बे?"

"सुचलं," मी म्हणालो.

त्या डब्यांवर माझं दुकान चाललं. झाकणावर मी माझं नाव रंगवायचो. एटापल्लीचा रस्ता आता सुधारलाय म्हणतात. तुम्ही जरूर जा, हिवाळ्यात जा. मी पुन्हा गेलो नाही. हे सगळं याआधी लिहिलं नाही, कारण प्रकाश माझा ब्लॉग वाचतो.

प्रकाश, ते मला सुचलं नव्हतं.