सोजरबाईंनी तीनदा पाहिलेला सिनेमा

राजश्रीची मैत्रीण ऐनवेळी आली नाही, म्हणूनच केवळ सोजरबाई त्या रविवारी सिनेमाला गेल्या. राजश्री त्यांची धाकटी लेक. शिक्रापूरला एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर कामाला होती आणि हायवेमागच्या चाळीत खोली घेऊन राहायची. वडील कोंडिबा वारले तेव्हा तिने राहू गावापुढच्या वाडीतल्या घराला कुलूप लावलं आणि आईला इकडे आणलं. अठ्ठावन्न वर्षांच्या सोजरबाईंना दिवसभर खोलीत बसून ट्रकांचे हॉर्न ऐकायचा कंटाळा आला होता. तिकीट वाया जाण्यापेक्षा आईला न्यावं, असं राजश्रीने ठरवलं. मारामारीचा सिनेमा आहे, झोप आली तर खुशाल झोप, असंही तिने वाटेत सांगून ठेवलं.

सोजरबाई झोपल्या नाहीत. पुढच्या सीटची पाठ धरून त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

सिनेमात कापड रंगवणारी एक बाई होती. पाच माणसांनी तिच्या बहिणीचा जीव घेतला होता आणि ती एकेकाला हुडकत निघाली होती. हिरवी नऊवारी, पायात बूट, डोळ्यांवर काळा गॉगल. पहिल्याला गाठायला ती आटलेल्या तळ्यातून घोड्यावर आली. दुसऱ्याच्या वेळी मेलेली बहीण भूत होऊन आली आणि तिने असे काही विनोद केले की सगळं थिएटर हसलं. तिसऱ्याशी लढाई झाली ती वाळत घातलेल्या ओल्या साड्यांमधून. लाल, जांभळ्या कापडाआड नुसत्या सावल्या हलत होत्या, आणि एकाएकी सगळा आवाज बंद होऊन फक्त तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. त्यानंतर भर कोर्टात लावणी सुरू झाली.

बाहेर पडल्यावर राजश्री कुरकुरली. धड भुताचा नाही, धड मारामारीचा नाही, मध्येच नाच काय, सगळी खिचडी करून ठेवली, असं तिचं म्हणणं. सोजरबाईंना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांचा बाप आधी तमाशाच्या फडात आणि मग बाबासाहेबांच्या जलशात ढोलकी वाजवायचा. तिथे देव यायचे, सोंगाड्या यायचा, गाणं व्हायचं, तलवारी निघायच्या आणि शेवटी माणसाच्या काळजाला हात घालणारं काहीतरी बोललं जायचं. एका रात्रीत माणसाला सगळंच हवं असतं, हे सोजरबाईंना लहानपणापासून माहीत होतं.

पण त्यांच्या मनात घर केलं ते वेगळ्याच गोष्टीने. ती बाई कुणालाही लगेच मारत नव्हती. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायची आणि विचारायची, "क्या किया था, बोल." एक जण खोटं बोलला, एक रडला, एकाने आठवत नाही म्हणून सांगितलं. ती तशीच बसून राहायची. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावरच उठायची.

पुढच्या रविवारी सोजरबाईंनी पुन्हा तोच सिनेमा बघायचा हट्ट धरला. राजश्री हसली आणि घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला मात्र त्या दुपारच्या खेळाला एकट्याच जाऊन आल्या. राजश्री कामावरून आल्यावर त्यांनी तिला ते सांगितलं, आणि भाकरी थापता थापता मनातलंही बोलून टाकलं. सर्जेरावांकडे जाऊन यायचंय, म्हणाल्या.

सर्जेराव म्हणजे वाडीतले मोठे बागाईतदार. बावीस वर्षांपूर्वी, राजश्री चौथीत असताना, ते शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते. शाळेत खिचडी शिजवायचं काम सोजरबाईंना मिळालं होतं. अकरा दिवस त्यांनी एक्केचाळीस पोरांसाठी खिचडी शिजवली. पहिल्या आठवड्यातच काही पोरं डबे घेऊन येऊ लागली आणि वेगळी बसू लागली. कुणाचं पोट दुखायचं, कुणाला उपास असायचा. बाराव्या दिवशी सर्जेराव शाळेत आले. काल खिचडी खारट झाली होती, आजपासून येऊ नका, एवढंच म्हणाले. खरं कारण सगळ्या वाडीला ठाऊक होतं. ते कुणी उच्चारलं नाही. कोंडिबांनी तेव्हा भांडण नको म्हणून बायकोला गप्प केलं होतं, कारण वर्षभराची मजुरी त्याच लोकांच्या रानांत करायची होती.

राजश्री सोबत येते म्हणाली. सोजरबाईंनी नको म्हटलं.

गुरुवारी सकाळी त्या तळेगावला गेल्या, तिथून राहूकडची जीप धरली आणि फाट्यावर उतरून चालत वाडीत पोचल्या. सर्जेराव ओट्यावर खुर्चीत पेपर वाचत बसले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, कानात मशीन. त्यांनी कोंडिबांच्या जाण्याबद्दल हळहळ व्यक्त केली, राजश्रीची नोकरी कशी आहे ते विचारलं. भिंतीला टेकवलेली आणखी एक खुर्ची होती. सोजरबाईंनी ती ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या. त्या ओट्यावर त्या कधीच खुर्चीत बसल्या नव्हत्या.

"आबा, मला शाळंतनं का काढलं व्हतं?"

सर्जेरावांनी पेपरची घडी केली. लई वर्षं झाली, आता आठवत नाही, असं म्हणाले आणि उसाच्या तोडीचं बोलू लागले. सोजरबाई बसून राहिल्या. पाच-दहा मिनिटांनी त्यांनी तेच पुन्हा विचारलं. खिचडी खारट झाली होती म्हणे, असं उत्तर आलं.

"तुमी खाल्ली व्हती?"

उत्तर आलं ते सर्जेरावांच्या बायकोकडून, पुतळाबाईंकडून. चहा घेऊन त्या दारात येऊन थांबल्या होत्या.

"मी खाल्ली व्हती," त्या म्हणाल्या. "धाकट्यानं डब्यातनं घरी आनली व्हती. मीठ बरोबर व्हतं. चांगली झाली व्हती."

सर्जेरावांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. पुतळाबाईंनी कप ठेवले आणि उभ्यानेच पुढचं सांगितलं. तुमच्या हातचं पोरांनी खाऊ नये म्हणून वाडीतल्या बायका यांच्याकडे आल्या होत्या, आणि त्या बायकांत आपणही होतो, असं त्या म्हणाल्या. सोजरबाईंना काय करावं ते कळेना. ज्या बाईने खिचडी चाटूनपुसून खाल्ली, तीच तक्रार घेऊन गेली होती. राग कुठे ठेवायचा, हेच उमजत नव्हतं. त्यांनी चहा घेतला नाही.

"झालं ते झालं," सर्जेराव म्हणाले.

"झालं ते झालंच. पर काय झालं, ते तुमी बोला."

ते उठून आत गेले. सोजरबाई थोडा वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या आणि मग जीप गाठायला निघाल्या.

सगळं ऐकून राजश्री संतापली. माफीसुद्धा मागितली नाही, आता परत त्या दारात पाऊल टाकू नकोस, म्हणाली. सोजरबाईंनी ते ऐकून घेतलं आणि महिनाभराने पुन्हा गेल्या. या खेपेला त्यांना फाटकातून येताना बघून पुतळाबाईंनीच खुर्ची बाहेर आणून ठेवली. सर्जेराव उठून जातील असं वाटलं होतं, पण ते बसून राहिले. कुणीच काही विचारलं नाही.

"तुमच्या जातीपायी काढलं," अखेर ते खाली बघत म्हणाले. "खारटाचं मी मनानं लावलं."

सोजरबाईंना वाटलं होतं, हे ऐकल्यावर अंगातून वीज जाईल. तसं काही झालं नाही. गोठ्यात म्हैस हलली, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. फक्त पाय एकदम दमल्यासारखे झाले, फार लांबून चालत आल्यासारखे. त्यांनी मान हलवली, पदर सावरला आणि उठल्या. फाटकापर्यंत पुतळाबाई सोबत आल्या.

त्या दिवशी त्या शिक्रापूरला परतल्या नाहीत. बौद्धवाड्यातल्या आपल्या घराचं कुलूप काढलं, जळमटं झाडली, अंगणात पाणी मारलं. शेजारच्या चांगुणाने काय ग, इतक्या दिवसांनी कशी, म्हणून विचारलं, तेव्हा सोजरबाईंनी तिला सर्जेराव काय बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. मग तिची जाऊ आली, तिलाही सांगितलं. संध्याकाळपर्यंत अंगणात सात-आठ जणी जमल्या, आणि प्रत्येक नव्या बाईसाठी त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

राजश्रीचा फोन आला तेव्हा मागे बायकांचा गलका चालला होता. कधी येतेस, तिने विचारलं.

"ऱ्हाते आठ दिस," सोजरबाई म्हणाल्या. "अजून खालच्या आळीला कळायचं हाय."