छापण्यात चूक हाय

पेपरातली बातमी पटली नाही की आमचे सासरे म्हणत, "छापण्यात चूक हाय." नुसतं म्हणून थांबत नसत. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चूक दुरुस्त होईल म्हणून खरोखर वाट बघत बसत. सगळं मुरुड त्यांना अप्पा म्हणायचं. मीही अप्पाच म्हणायची, पण समोर नाही. समोर मी काहीच म्हणत नसे.

आमच्या किराणा दुकानाच्या दाराशी काळा रंग दिलेला एक लाकडी फळा टांगलेला होता. पूर्वी त्यावर ज्वारी-तुरीचे भाव असत. दुष्काळ पडला तेव्हा ज्वारीही नाही आणि गिऱ्हाईकही नाही. मग त्या फळ्यावर बुद्धिबळ आलं. परदेशात कुठेतरी मोठी खुली स्पर्धा चालली होती. खुली म्हणजे नावाजलेला असो की नवखा, कुणीही यावं आणि ज्याच्याशी जोडी लागेल त्याच्याशी खेळावं. दुपारच्या एस.टी.ने पेपर आला की अप्पा चष्मा पुसून आधी मागचं पान उघडत आणि फळ्यावर क्रमवारी लिहीत. खेळाडूंची नावं लांबलचक, म्हणून नुसते देश लिहीत. रशिया, हंगेरी, युगोस्लाव्हिया. पुढे गुण. जिंकणाऱ्याला एक, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा-अर्धा. मी चौथी शिकलेली. सकाळी ओटा झाडताना मी ते सगळं वाचायची.

एखाद्या नवख्याने नावाजलेल्याला हरवलं, तर अप्पा तो निकाल लिहीत नसत. ती जागा कोरी ठेवत. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही तेच निघालं, तर मग अगदी खाली, बारीक अक्षरात लिहीत. घरातल्या कुणाचा रोग पाहुण्यांपासून लपवावा तसं.

नव्या जिल्ह्याचंही त्यांनी तेच केलं. लातूर जिल्हा झाला, मुरुड त्यात गेलं. बाजारात लोकांनी पेढे वाटले. अप्पा म्हणाले, "काल तालुका व्हता, आज जिल्हा झाला व्हय? असं कुठं असतंय?" दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' त्यांनी शेवटपर्यंत पुसू दिलं नाही.

त्या वर्षी गल्लीतले सगळे आड आटले, आमच्या परसातल्या आडाला तेवढं पाणी होतं. अप्पा खाट टाकून आडाजवळ बसत आणि बायकांना एकेकीला हाक मारत. आधी कोण आली याला किंमत नव्हती. आधी मोठ्या घरची, मग मधली, मग लहान. सकाळपासून उन्हात बसलेली म्हातारी कळशी घेऊन तशीच बसून राही. सर्वांत शेवटी घरची सून. "आपल्याला काय घाई हाय?" असं अप्पा म्हणायचे. तळातलं गढूळ पाणी मी फडक्यातून तीनदा गाळायची. मी त्यांना कधी उलटून बोलले नाही. माझा आवाज स्वयंपाकघराबाहेर जात नव्हता. पण मनातल्या मनात मी त्या माणसाला जेवढं बोलले आहे, तेवढं सख्ख्या नवऱ्याशीही बोललेली नाही.

अप्पा स्वतः देशी डाव खेळत. पेपरातल्या डावाला ते विलायती म्हणत. देशीत प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकतं. आणि समोरच्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा ठेवला, तर ती बुर्जी. बुर्जी म्हणजे बरोबरी. म्हणून समोरच्याचं एक तरी प्यादं जिवंत ठेवून मात द्यावी लागते. अप्पांचे जोडीदार रहीमचाचा. समोरच त्यांचं शिलाईचं दुकान होतं. रहीमचाचाही त्या वर्षी रिकामेच.

माझी नणंद सुमन ही अप्पांची धाकटी मुलगी. आई लहानपणीच गेलेली, म्हणून माझ्यापाशीच वाढली म्हणा. दाराआडून डाव बघून बघून ती शिकली. पेपर अप्पांचा वाचून झाला की आत आणायची आणि त्यात छापलेला डाव चुलीपुढे बसून तुरीच्या दाण्यांवर मांडायची. बारावी झालेली. तिला नांदेडला मावशीकडे राहून शिक्षिकेचा दोन वर्षांचा कोर्स करायचा होता, तिथं नंबरही लागला होता. आणि अप्पांनी उदगीरचं स्थळ बघून ठेवलं होतं. बिजवर, दोन लेकरांचा बाप, पण मोठी पेढी. "पेढी बघ, वय काय बघतीस?" असं ते म्हणाले तेव्हा सुमन भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. पण भाकरी फाटली.

मग एका दुपारी पेपरात आलं की आइसलंडच्या कुणा पोराने रशियाच्या पहिल्या नंबरच्या खेळाडूला हरवलं. अप्पांनी खडू खाली ठेवला.

"छापण्यात चूक हाय."

रहीमचाचा म्हणाले, "लिखो अप्पा, लिखो. रशिया गिर गया."

"हे आइसलंड गाव कुठं हाय ते तरी ठाव हाय का? मोठं ते मोठंच ऱ्हातं, रहीम."

"कायकू? तुमारी सुमन अंदर से जो चाल बोलती, वो तुमारी चाल से अच्छी रहती. सारे बाजार कू मालूम है."

ओट्यावरची माणसं हसली. अप्पांच्या कपाळावरचं भस्म घामाने फुटलं. ते ओरडून म्हणाले, "तिनं मला हरवलं तर जाऊ दे नांदेडला! मी स्वतः एस.टी.त बसवतो!"

"जबान?"

"जबान! आन् न्हाई हरवलं, तर सोमवारी उदगीरचे पाव्हणे बोलावतो."

ओट्यावर चार माणसांत दिलेला शब्द व्यापाऱ्याला गिळता येत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आइसलंड तसंच होतं. अप्पांनी ते खाली बारीक अक्षरात लिहिलं, खडू मोडेल इतका दाबून. मग पट मांडला आणि आत बघून म्हणाले, "ये. बस म्होरं. पदर नीट घे. हे घोडं हाय, लाटणं न्हवं."

सुमन पहिल्यांदाच ओट्यावर बसली. मी दाराआड सूप घेऊन उभी होते. सुपात काय होतं ते मला आठवत नाही. अप्पा प्रत्येक चालीला बोलत होते. "ही चाल तुझ्या मावशीनं शिकवली व्हय?" "उंट तिरपा जातो बाई, तुझ्यावानी." सुमन एकेक मोहरा मारत होती. हळूहळू अप्पांचं बोलणं कमी झालं. मग बंद झालं. शेवटी त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं राहिलं, सुमनकडे वजीर, हत्ती आणि तीन प्यादी. आता मात फार लांब नव्हती. रहीमचाचा हसायच्या तयारीत होते.

सुमनने हत्ती उचलला आणि ते शेवटचं प्यादं मारलं.

रहीमचाचांनी कपाळाला हात लावला. अप्पा आधी पटाकडे बघत राहिले, मग मोठ्याने हसले. कितीतरी महिन्यांनी त्यांचं हसू ऐकलं.

"बुर्जी! राजा एकटा! बरोबरी! हरवलं न्हाई मला! सूनबाई, पुरणाची डाळ निवडायला घे. सोमवारी पाव्हणे हायेत."

मी डाळीचा डबा काढला. डाळ सुपात ओतली. रागाने.

बाहेर सुमनचा आवाज आला. "अप्पा, बरोबरी झाली ना?"

"झाली. ऊठ आता."

"मग माझा अर्धा गुण द्या."

"कसला गुण?"

"तुम्हीच लिहिता की. बरोबरीला दोघांना अर्धा." तिने फळ्याकडे बोट दाखवलं. "जिंकले असते तर दोन वर्षं नांदेडला गेले असते. आता अर्ध्याचं एक वर्ष जाते. तुमच्या अर्ध्यात उदगीरवाल्यांना थांबवून ठेवा."

ओट्यावरची माणसं फळ्याकडे वळली. मग रहीमचाचा म्हणाले, "बात बराबर है अप्पा. फळे पे अक्षर तो तुमाराच है."

अप्पांनी पटच उलटा केला. वजीर घरंगळत नालीत गेला. "कार्टे, बापाला हिशोब शिकवायलीस?" पण फळा तिथंच होता आणि माणसंही तिथंच होती. शेवटी ते म्हणाले, "एक वर्ष. एक दिस वर न्हाई."

मी डाळ पुन्हा डब्यात भरली.

ती नांदेडला निघाली तेव्हा स्टँडवर मी तिला विचारलं, "ते प्यादं कशाला मारलंस गं?"

"विसरले, वहिनी," ती म्हणाली. "रोज पेपरातले डाव बघून बघून देशीचा नियमच डोक्यातून गेला. विलायतीत मारलेलं चालतं." मग तिथं ती रडली. डाव चालू असताना रडली नव्हती.

वर्ष संपलं तसं अप्पांनी बोलावणं धाडलं. सुमन आली नाही. मावशीने तिला ठेवून घेतलं, सुमनने लेकरांच्या शिकवण्या घेतल्या आणि दुसरं वर्ष काढलं. शब्द मोडला म्हणाल तर मोडला. मला त्याचं काही वाटत नाही. अप्पांनी घरात तिचं नाव काढायची बंदी केली. उदगीरच्या पेढीवाल्याला दुसरी मुलगी मिळाली. तिचं काय झालं, देव जाणे.

नव्या जिल्ह्याला मास्तर हवे होते. नेमणुकांच्या यादीत सुमनचं नाव आलं. रहीमचाचा पेपर फडकवत रस्ता ओलांडून आले. अप्पांनी चष्मा पुसला, नाव वाचलं आणि म्हणाले, "छापण्यात चूक हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर उलटून पालटून बघितला. तिसऱ्या दिवशीही. दुरुस्ती आली नाही. पण फळ्याच्या खाली, बारीक अक्षरातसुद्धा, ते नाव कधी आलं नाही.

पुढे ते अंथरुणाला खिळले तेव्हा सुमन शाळेतून रजा काढून आली. मी खाटेजवळच होते.

"कोण हाय?"

"मी सुमन, अप्पा. लातूरहून आले."

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. ओळखलं. मला ते डोळ्यांवरून कळलं. म्हणाले, "जिल्हा उस्मानाबाद हाय मुरुडचा." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात ते गेले. शेवटी अप्पांनी लेकीला जवळ घेतलं, असं गावात सांगतात. मी तिथंच होते. तसं काही झालं नाही.

दुकान मोडलं तेव्हा आमचे हे तो फळा फोडून चुलीत घालणार होते. मी म्हटलं, राहू द्या. माझ्या रांजणाला झाकण नव्हतं. आता आमच्या घरी नळ आहे, तरी रांजण मी भरते, आणि गल्लीतली जी आधी येईल तिला आधी देते. सुमन सुट्टीत येते, तेव्हा फळा बाजूला सारून तांब्या बुडवते आणि उभ्यानेच पिते.