इंटरमिजिएटची फ्रेम

जेसल पार्कातल्या आमच्या बिल्डिंगखाली सोसायटीचा एक काळा फळा होता. तो माझा होता. म्हणजे सोसायटीचाच, पण त्यावर दुसऱ्या कुणी खडू लावला की माझं डोकं फिरायचं. ‘आज पाणी साडेसात ते आठ’ एवढंच लिहायचं असायचं, त्यात मी अर्धा तास घालवायचे. अक्षरांना जाडी द्यायची, सावली द्यायची, आवडलं नाही की पुसून पुन्हा. तळमजल्यावरच्या गुजराती काकी म्हणायच्या, “बेटा, तू लिखती रहेगी, पानी चला जाएगा.”

नव्वदीची नुकती सुरुवात होती आणि माझी बारावी झाली होती. साबणाच्या वेष्टनावरची अक्षरंसुद्धा कुणीतरी बसून काढतं आणि त्या कामाची डिग्री असते, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. उपयोजित कला, चार वर्षं. बाबांचं म्हणणं वेगळं. ते फोर्टात हेडक्लार्क, गिरगावातली खोली सोडून इथे लांबच्या उपनगरात आलेले.

“आर्ट टीचरचा डिप्लोमा कर. दोन वर्षांत शाळेत लागशील. डिग्री घेऊन काय दुकानांचे बोर्ड रंगवणार?”

“रंगवेन!” असं म्हणून मी ताटावरून उठायचे. महिनाभर घरात हेच चाललं होतं. आई म्हणायची, “भांडा तुम्ही, मी आमटी गरम करते.”

मग एके सकाळी बघते तर डिग्रीचा फॉर्म टेबलावर, आणि पालकाच्या जागी बाबांची ती लांबलचक सही. ते ऑफिसला निघून गेले होते. मी नाचायचीच काय ती बाकी राहिले.

फॉर्मसोबत इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचं मूळ सर्टिफिकेट लागणार होतं. ते आमच्या हॉलच्या भिंतीवर होतं. मला ए ग्रेड मिळाली तेव्हा बाबांनी ते जवळच्याच गोडदेवच्या फ्रेमवाल्याकडे नेलं होतं. मी बरोबर होते. बाबा आपल्या हिंदीत त्याला म्हणाले, “ऐसा चिपकाव, की जिंदगीभर हलना नहीं मंगता.” त्यानं इमानदारीत सगळा कागद सरस लावून प्लायवूडवर डकवला. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बाबा आधी ती फ्रेम दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

मी फ्रेमच चादरीत गुंडाळून कॉलेजात नेली. खिडकीतला क्लार्क म्हणाला, “मागची बाजू दाखवा. शिक्का आणि नंबर मागे असतो.”

“मागे लाकूड आहे.”

“मग लाकूड काढून आणा. उद्या शेवटचा दिवस.”

घरी येऊन मी बाबांवर अक्षरशः ओरडले. “कुणी सांगितला होता नसता शहाणपणा?” साडेसातला नळ आला. पिण्याचे हंडे भरायच्या आधी बाबांनी पहिली बादली घेतली, पाणी गरम केलं आणि परातीत ते प्लायवूड ठेवलं. ऑफिसच्याच कपड्यांत उकिडवे बसून नखांनी एकेक कोपरा सोडवत राहिले. आईनंही हंड्याचं नाव काढलं नाही. कागद निघाला, पण वरचाच पापुद्रा; शिक्क्याची मागची बाजू लाकडालाच राहिली. माझं नाव निळं होऊन पसरलं.

“वाळलं की दिसेल,” बाबा म्हणाले. इस्त्रीही फिरवून पाहिली. डोंबल दिसणार होतं!

दुसरी प्रत यायला दीड महिना लागला. डिग्रीचे प्रवेश संपले होते, डिप्लोमाच्या जागा होत्या. बाबा म्हणाले, “वर्षभर थांब. पुढच्या वर्षी डिग्रीचाच भर.”

तेव्हा मी म्हणाले, “कशाला? झालं ना तुमच्या मनासारखं?”

ते उठून गॅलरीत गेले. मी डिप्लोमाला नाव घातलं, निव्वळ रागानं. हा माझा मेला ताठा!

शाळेत नोकरी लागली. मुलं गोड होती, दिवस बरे गेले, खोटं कशाला बोलू? पण अजूनही दुकानात बिस्किटाचा पुडा हातात घेतला की मी भाव बघत नाही, अक्षरं बघते. हे मी काढलं असतं, असं वाटतं. त्या चार वर्षांची हुरहुर काही गेली नाही.

बाबा गेल्यावर माळा आवरायला घेतला. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते प्लायवूड निघालं. सर्टिफिकेटचा मागचा पापुद्रा अजून त्याला तसाच चिकटून होता. त्याच गुंडाळीत, प्लायवूडखाली, एक फॉर्म होता. डिग्रीचा, पुढच्या वर्षीचा. पालकाच्या जागी बाबांची लांबलचक सही होती. बाकी सगळा कोरा, माझ्यासाठी ठेवलेला.