मांडवातली गादी

वकीलसाहेबांच्या फाटकाची कडी काढली आणि मी तिथंच थबकलो. आतल्या अंगणातून आवाज येत होता, टँव् टँव् टँव्. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज वऱ्हाडात कोणाला ओळखायला शिकवावा लागत नाही. घरात लग्न निघालं की पिंजारी अंगणात बसतो, रुई पिंजतो आणि नव्या गाद्या भरतो. मुलीला आंदणात गादी द्यायची म्हणजे द्यायचीच.

वकीलसाहेब अकोल्याच्या ज्या विधवाश्रमाचे अध्यक्ष होते, तिथं गाद्याच शिवल्या जात होत्या. त्या गाद्या कोणी का घेत नाही, हे शोधायला मला अमरावतीहून पाठवलं होतं. आणि खुद्द अध्यक्षांच्या अंगणात बाहेरची गादी भरली जात होती!

माझी नोकरी काय होती ते आधी सांगतो. माझ्या सासऱ्यांना ती शेवटपर्यंत कळली नाही, तेव्हा वाचकांना न कळण्याची भीती आहेच. अमरावतीला आमचं लहानसं ऑफिस होतं. वसतिगृहं, आश्रम, विणकरांच्या सोसायट्या, काम चांगलं पण गाडं रुतलेलं, अशा संस्थांकडे आम्ही जायचो. दुखणं शोधायचं, उपाय सांगायचा, रिपोर्ट द्यायचा. आता याला कन्सल्टन्सी म्हणतात आणि टाय लावतात. पन्नास-साठच्या काळात आम्ही छत्री घेऊन जायचो. लोक विचारायचे, "नुसतं सांगायची फी घेता?" मी ओशाळून हो म्हणायचो.

आमचे साहेब, म्हणजे रावसाहेब, सहकार खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी निघताना एवढंच सांगितलं होतं, "कुळकर्णी, संस्थेला विचारत बसू नका. बाजाराला विचारा."

आश्रमात पोचलो तर चैत्राचं ऊन तापलेलं. आश्रम बायकांचा, मी तरणाताठा पुरुष, त्यामुळे मला व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल अशी खुर्ची दिली. तिथून शिवणाची शेड दिसायची. आश्रमाच्या सुपरिंटेंडेंट आक्का. बालपणीच विधवा झालेल्या, पुढे शिकून मास्तरीण झालेल्या. बोलणं असं की समोरच्यानं पाटी-पेन्सिल काढावी.

"बघा कुळकर्णी," त्या म्हणाल्या, "चैत्र संपता संपता कमिटीची मीटिंग आहे. शिवण-विभाग चालत नसेल तर बंद करा, शेड कापसाच्या गोदामाला द्या, असं ठरून राहिलं आहे. विभाग बंद झाला तर यांच्या पोटापाण्याची सोय नाही, या बायांना सासरी परत पाठवावं लागेल. आता फाटकाकडे बघा."

फाटकासमोर कडुनिंबाखाली एक पागोटेवाला बसला होता. चांदूर बाजारकडचा माणूस. शेडमधली काशी त्याची भावजय. भावाच्या मागं तो तिला शेतात राबवत होता आणि ती पळून आश्रमात आली होती. विभाग बंद होणार, ही कुणकुण त्याला लागली होती. तो रोज यायचा आणि बसायचा.

काशी कडेला उभी राहून ऐकत होती. वीस-बाविशीची असेल. हातात दाभण, म्हणजे गादीला आरपार टाके घालायची मोठी सुई. एकदम म्हणाली, "भाऊ, मले तिकडं नका पाठवू जी. वावरात बैल बी संध्याकाळी सोडतेत. मले कोन सोडते?"

मी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

मग मी माल तपासला. रुई चांगली. खोळ, म्हणजे वरचं कापड, घट्ट विणीची. टाके तर असे जवळ जवळ की रुई सरकायची बिशाद नाही. भाव बाजाराइतकाच. कुठं खोट सापडेना, आणि खोट सापडली नाही की आमच्या धंद्यात झोप उडते. म्हणून बाजारात गेलो. गादीवाल्या दुकानदारानं चहा पाजला, इकडचं तिकडचं बोलला. मी पिच्छा सोडला नाही तेव्हा त्यानं आश्रमाची गादी ओढली आणि तिच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"माल फस्कलास आहे साहेब. पन लग्नाच्या गादीवर हे चालते का, तुमीच सांगा."

कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं आश्रमाचं नाव भरलं होतं, 'विधवा' या शब्दासकट. समाजाला आपलं काम दिसावं म्हणून कमिटीनं ठराव करून प्रत्येक गादीवर ते भरायला लावलं होतं! आमच्याकडे गादी बहुतेक लग्नातच घेतली जाते. आणि लग्नाच्या वस्तूला सवाष्णीचा हात लागतो. हाताला धरून सांगावं तसं त्या नावानं लोकांना सांगितलं होतं, घेऊ नका.

मला वाटलं, चला, सुटलो. आक्कांना म्हटलं, "नाव काढून टाका. काम झालं."

आक्का म्हणाल्या, "ठराव कमिटीचा. तेव्हा मला हसू आलं होतं. पण आता ते नाव या पोरी स्वतः भरतात. काशी अक्षरं शिकली ती याच नावावर. तिला सांगू, की बाई ग, गादी तुझी चालेल, तू चालणार नाहीस? लपूनच जगायचं तर दिराचं घर काय वाईट होतं?"

मी रावसाहेबांना लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं. "नाव काढा, माल विका. आपण सल्ला देतो, समाज सुधारत नाही." इकडे आक्का, तिकडे साहेब, मधे मी. अन्न गोड लागेना. शेवटी अध्यक्षांनाच विचारावं म्हणून वकीलसाहेबांच्या घरी गेलो, आणि फाटकाशीच धनुकली ऐकली.

आत रहीमचाचा पिंजत होते. आश्रमाची रुईही तेच पिंजायचे. मला बघून त्यांनी धनुकली खाली ठेवली. "मी तं बोललो होतो साहेब, आश्रमातून घ्या म्हनून. रुई बी तीच, पिंजनारा बी मीच."

वकीलसाहेब बाहेर आले. "या कुळकर्णी! झाला रिपोर्ट?"

वरिष्ठांशी बोलताना माझी जीभ टाळूला चिकटते. पण त्या दिवशी डोकं फिरलं होतं. "साहेब, रिपोर्ट एका ओळीचा आहे. अध्यक्षांच्या घरी जी गादी चालत नाही, ती गावात कशी चालावी?"

बोलून बसलो. आता नोकरी गेली! वकीलसाहेबांचा चेहरा पडला. ते चिडले नाहीत, आवाज मात्र उतरला. "मला काही नाही हो. आईला चालत नाही. तुमच्यात हिंमत असेल तर तुम्हीच विचारा."

"कोण आहे रे?" मागच्या पडवीतून आवाज आला, आणि आजी स्वतःच बाहेर आल्या. लाल आलवण, डोक्यावर पदर, हातात जपमाळ. मी उठून उभा राहिलो. वकीलसाहेबांच्या आई स्वतः विधवा आहेत, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. चाट पडलो.

मुलानं विषय सांगितला. आजी खांबाला टेकून बसल्या. "माझी नात आहे ती," त्या म्हणाल्या. "तिच्या आईपेक्षा मीच तिचं जास्त केलं. पण तिला हळद लागेल तेव्हा मी मागच्या खोलीत बसेन. कोणी बसवत नाही, मीच बसते. माझी सावली नको तिच्यावर. मग त्या पोरींच्या हातची गादी मी मांडवात कशी येऊ देऊ? सांग बरं."

त्या बाईचं वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

तेवढ्यात आजींची नजर अंगणातल्या भरलेल्या गादीवर गेली. "काय रे रहीम, हा टाका आहे का? वीत वीत लांब! महिन्यात रुईचे गोळे होतील."

"घरवाली बिमार हाये आजी. टाके तेच घालते. आता मीच घालून राहिलो."

"आश्रमातले टाके चार बोटांवर असतात," मी बोलून गेलो.

"कोण म्हणते?"

"मी बघितलेत."

"पुरुषाला काय कळते टाक्यातलं!" असं म्हणून आजी आत गेल्या. मी मुक्कामाला परतताना रिपोर्टची शेवटची वाक्यं मनात जुळवत होतो. विभाग बंद करण्याची शिफारस करण्यावाचून मार्ग नाही, अशा अर्थाची. काशीला तोंड कसं दाखवायचं, हे सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आश्रमाच्या फाटकाशी टांगा थांबला. आजी उतरल्या. कोणाला काही न विचारता शेडमध्ये गेल्या आणि काशीशेजारी खाली बसल्या. आक्का धावत आल्या, मी व्हरांड्यातून. आजींनी गादी दाबून पाहिली, टाक्याशेजारी बोटं ठेवून अंतर पाहिलं.

"कोणी शिकवलं ग?"

"आक्कानं."

"टाका चांगला आहे. पण गाठ खालच्या अंगाला घे. वर राहिली तर लेकराला टोचते."

काशीचा चेहरा उजळला. "तुमाले कसं मालूम आजी?"

"मला नाही तर कोणाला? आमच्या घरातल्या सगळ्या लेकरांची दुपटी मीच शिवली. जुन्या लुगड्यांची, मऊ. शेजारपाजारचे सुद्धा मागून नेतात. बाळ जन्मलं की पहिलं माझ्याच दुपट्यावर..."

आजी तिथंच थांबल्या. शेडमधल्या सगळ्या बायांचे हात थांबले. आक्का जमिनीकडे बघत होत्या. आता ही बाई उठून जाणार, असं वाटलं.

काशीला यातलं काहीच कळलं नव्हतं. तिनं सरळ विचारलं, "मंग त्या लेकरायचं काही वाईट झालं का आजी?"

"काशे!" आक्का ओरडल्या.

"ओरडू नका तिला," आजी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "नाही ग बाई. सगळी ठणठणीत आहेत. एकीचं तर लग्न आहे." मग त्यांनी गादीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "आण ते दाभण इकडे."

उरलेले टाके त्यांनी स्वतः घातले. काशी समोरून दोरा ओढत होती. निघताना आजी म्हणाल्या, "ही माझ्या घरी पाठवा. आणि कोपऱ्यावरचं नाव राहू द्या. अक्षर छान आलं आहे."

कमिटीची मीटिंग आश्रमात झाली. मी रिपोर्ट वाचला; शेवटची शिफारस आता विभाग चालू ठेवण्याची होती. एका मेंबरनं गोदामाचा विषय काढलाच. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "गोदाम राहू द्या. आमच्या घरी आश्रमाची गादी आली आहे. आता विभाग बंद केला तर आई मला घरात घ्यायची नाही." सगळे हसले आणि विभाग पुढं चालू ठेवायचं ठरलं. काही जणांनी तिथंच आपापल्या घरासाठी गाद्या सांगितल्या. न सांगून करतात काय! आक्का उठून थेट फाटकाबाहेर गेल्या आणि पागोटेवाल्याला म्हणाल्या, "काशी इथंच राहणार. तुम्ही आपला रस्ता धरा." तो शिव्या घालत गेला, पण गेला.

लग्नाला मला आमंत्रण होतं. मांडवात आंदण मांडलं होतं, त्यात पलंगावर ती गादी. वरमाय आंदण बघत बघत आल्या आणि कोपऱ्याशी थांबल्या. नाव वाचलं. नवरी तिथंच होती. ती म्हणाली, "माझ्या आजीनं टाके घातलेत याला." वरमाईंनी गादी दाबून पाहिली. "टाके छान आहेत हो," म्हणाल्या आणि पुढं गेल्या. बस, एवढंच.

मी धावत मागच्या खोलीच्या दाराशी गेलो. आजी अंधारात बसल्या होत्या. "आजी, गादी मांडवात आहे! त्यांना आवडली. आता तुम्ही पण चला ना."

"गादीचं वेगळं आणि माझं वेगळं रे बाबा," त्या म्हणाल्या. मग जरा पुढं वाकून हळूच विचारलं, "कोपरा दिसून राहिला ना नीट? नाव दुमडलं तर नाही?"

आश्रमाच्या गाद्या पुढं खपू लागल्या, सावकाश, कुरकुरत. काशी त्या शेडची मुख्य झाली. मी मात्र तेव्हापासून कुठल्याही संस्थेत गेलो की हिशेब, इमारत वगैरे नंतर बघायचो. आधी विचारायचो, तुमच्या कमिटीवाल्यांच्या घरी तुमचा माल आहे का? निम्मा रिपोर्ट तिथंच तयार व्हायचा. राहिलेल्या निम्म्यात आमचा सल्ला चालत नाही. गादी मी मांडवात नेऊ शकलो, आजींना नाही.