हॉलसमोरचा फळा

एखादी गोष्ट घडली म्हणजे ती झाली, असं तुम्हाआम्हाला वाटतं. आमच्या शेजारच्या काकांना ते साफ अमान्य होतं. त्यांच्या मते गोष्ट फळ्यावर लिहून आली की मगच ती झाली. तोवर ती नुसती अफवा. एवढ्या एका तत्त्वावर या माणसाने न्यूझीलंडमधलं एक अख्खं खेडं, जिथे माणसांपेक्षा गाई जास्त आणि गाईंपेक्षा पाऊस जास्त, तीन वर्षं आपल्या खडूच्या टोकावर नाचवलं. मी मूळची डोंबिवलीची. पुण्याच्या माणसाचं कौतुक करणं आमच्या जरा जिवावर येतं. पण खरं ते सांगायला हवं. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि देवाने दुसरा केला असेल असंही वाटत नाही.

माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घराला आणि ऑकलंडच्या ट्रॅफिकला कंटाळून मी या गावातल्या एकुलत्या एक औषधांच्या दुकानात फार्मासिस्टची नोकरी धरली, तेव्हा गाव म्हणजे एक रस्ता, एक शाळा, एक पब, एक पेट्रोल पंप, त्याला चिकटलेली डेअरी (इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान) आणि गावाचा लाकडी हॉल. हॉलसमोर पत्र्याच्या छपराखाली एक मोठा काळा फळा होता. त्यावर कधीकाळी रद्द झालेल्या योगासनांच्या वर्गाची अर्धी पुसलेली सूचना होती, आणि ती तशीच राहणार याबद्दल गावात एकमत होतं. मग माझ्या शेजारच्या घरात काका, काकू आणि त्यांची लेक राहायला आले. लेक गुरांची डॉक्टर, चाळीस मिनिटांवरच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात कामाला. काका पुण्यातल्या एका शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि शाळेतून घरी जाताना रोज आपल्या चौकातल्या मंडळाचा वार्ताफलक लिहिणारे. येताना त्यांनी खडूचे बारा डबे आणले होते. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने हे काय म्हणून विचारलं, तेव्हा काकांनी त्याच्या टेबलावरच त्याचं नाव वळणदार अक्षरात लिहून दाखवलं म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी योगासनं पुसली. हॉल कमिटीची सेक्रेटरी पॅम, सत्तरीची, बारा महिने गमबूट घालणारी बाई, धावत आली आणि म्हणाली, "तुम्हाला हे कोणी सांगितलं?" काका म्हणाले, "नोबडी. दॅट इज द प्रॉब्लेम." त्या दिवसापासून फळा त्यांचा झाला.

रोज सकाळी कानटोपी, मफलर, हातात छत्री आणि पायात लेकीचे गमबूट अशा अवतारात काका बातम्या गोळा करायला निघत. इथल्या रानात काका नावाचा एक पोपट असतो. तोही असाच मान तिरकी करून सगळ्यांच्या कामात डोकावतो, त्यामुळे गावातल्या पोरांना हे नाव अगदी पटलं. हळूहळू सगळं गावच "किया ओरा, काका" असा माओरी नमस्कार घालू लागलं. ते कुंपणाशी उभे राहून शेतकऱ्याला विचारत, गाय व्याली तर कितव्यांदा व्याली, वासरू कोणावर गेलं. माझ्या दुकानात येऊन काउंटरवर छत्री टेकवत आणि म्हणत, "काय गं, आज कोणाला काय झालंय?" मी म्हणायची, "काका, पेशंटचं सांगता येत नाही. कायदा आहे." "नाव कोण मागतंय? सर्दी किती आहे तेवढं सांग." मग फळ्यावर यायचं: गावात सर्दी वाढती आहे, कान झाका. आणि खरंच, रग्बी खेळणारे धिप्पाड बाप्ये माझ्याकडे येऊन कानटोप्या मिळतात का म्हणून विचारायचे.

फळ्याची रचना ठरलेली होती. चारी बाजूंना चार बोटं समास. वर सुविचार, मध्ये बातमी, खाली हवामान. आनंदाच्या बातमीला वेलबुट्टीची चौकट, दुःखाच्या बातमीला नुसत्या दोन सरळ रेघा. सुविचार ते मराठीतून इंग्रजीत स्वतः करत, आणि त्यात काळवेळ बघत नसत. एकदा नदीला पूर येऊन कॉलिन नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात गुडघाभर पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर "थेंबे थेंबे तळे साचे" इंग्रजीत झळकलं. कॉलिनने चिखलाचे हात कमरेवर ठेवून ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हो, ते मी पाहिलंय." दुसऱ्या एकाला ट्रकचा परवाना मिळाला, तर काकांनी वेलबुट्टी काढून लिहिलं: तिसऱ्या प्रयत्नातील घवघवीत यशाबद्दल हार्दिक अभिनंदन. आधीचे दोन प्रयत्न त्याने बायकोपासून लपवले होते. तो तणतणत आला, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "पहिल्यांदा पास होणारे पुष्कळ असतात. तिसऱ्यांदा फॉर्म भरायला छाती लागते." पुढे त्याच ट्रकमधून त्याने काकांसाठी नवा फळा आणून दिला.

काकू मात्र या सगळ्यापासून चार हात दूर. बारीक, अबोल बाई. इंग्रजी बेताचं, हसणं भरपूर. "इतक्या लांब आले, पण खडूची पूड काही माझ्या नशिबातून सुटली नाही," असं म्हणत काकांचे सदरे अंगणात झटकायच्या. त्यांच्या परसात लिंबाचं झाड होतं. गावाच्या फुलाफळांच्या प्रदर्शनात लोणची-मुरंब्यांची स्पर्धा असते, तिथे पॅमने काकूंना बळेच लिंबाचं गोड लोणचं ठेवायला लावलं, आणि काकूंचा पहिला नंबर आला. आम्ही टाळ्या वाजवल्या, काकूंनी पदर सावरत रिबन घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाकडी वाट करून फळा बघायला गेले. तिथे सुंदर वेलबुट्टीत लिहिलं होतं: लोणचे स्पर्धा. दुसरा क्रमांक अमुक, तिसरा क्रमांक तमुक. दिवसभर गाव विचारत होतं, पहिला कोणाचा? मी काकांना अक्षरशः दटावलं. ते म्हणाले, "फळा लोकांचा असतो. ज्याच्या हातात खडू, त्याने आपल्या घरचं लिहायचं नाही. चाळीस वर्षांत लिहिलं नाही." काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. रिबन त्यांनी लोणच्याच्या बरणीलाच बांधून ठेवली.

काकांना या गावाची एक रीत फार आवडायची. कोणाकडे मयत झालं की फळ्यावर दोन सरळ रेघांत नाव यायचं, आणि संध्याकाळपर्यंत त्या घराच्या पायरीवर झाकलेली भांडी जमायची. सूप, भाजलेले बटाटे, केक. कोणी दार वाजवायचं नाही. ठेवायचं आणि जायचं. "आपल्याकडे सुतकात शेजारून पिठलंभात येतो ना, तेच हे," काका कौतुकाने सांगत. "माणसं इथूनतिथून सारखी."

गेल्या वर्षी मी सहा आठवडे डोंबिवलीला गेले होते. त्या काळात काका-काकू ऑकलंडला नातेवाइकांकडे गेले, आणि तिथेच काकू झोपेत गेल्या. लेकीचा मेसेज आला, मी फोन केला, रडले. दिवसवार तिकडेच उरकून काका गावात परतले. मी आले ती सामान दारात टाकून तशीच त्यांच्याकडे गेले. काका स्वयंपाकघरात दूध-पोहे खात बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बावीस दिवस झाले मला येऊन. एक माणूस आला नाही. पायरीवर एक भांडं आलं नाही." मग चमचा खाली ठेवून म्हणाले, "लेकीला तिकडे ऑकलंडमध्येच, अल्बनीला नोकरी देतायत. मी सांगितलं, घे. कॉलिनच्या आईच्या वेळी रेघा सरळ याव्यात म्हणून तीनदा पुसून काढल्या होत्या मी. आपण यांना आपलं समजत होतो, एवढंच." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

माझं डोकं सणकलं. मी तडक हॉलवर गेले. पॅम खुर्च्या लावत होती. तिला म्हटलं, तुम्हाला लाजा कशा वाटत नाहीत? बाई जाऊन महिना झाला, आणि तुम्ही साधं सूप नेऊन ठेवू शकला नाहीत? पॅम हातातली खुर्ची उघडून तिच्यावरच बसली.

"गेली? म्हणजे वारली?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आम्ही रोज फळा वाचत होतो," पॅम म्हणाली. "फळ्यावर नव्हतं."

खरंच नव्हतं. काका परतले त्याच्या दुसऱ्या सकाळपासून फळा नेमाने लिहिला जात होता. हरवलेलं कुत्रं, मुलांनी आपापली वासरं शाळेत आणायचा दिवस, हॉलच्या सफाईला रविवारी जमावे, पाऊस. आपल्या घरचं लिहायचं नाही हा नियम त्यांनी त्याही दिवशी मोडला नव्हता. लेकीला वाटलं, बाबांनी सांगितलं असेल. गावचा पेपर तेच. आणि गावाला वाटलं निराळंच. काकू दिसेनात, काका गप्प झालेले. पॅम मान खाली घालून म्हणाली, "आम्हाला वाटलं, दोघांचं बिनसलं. बाई निघून गेली असेल. असं कोणी तोंडावर विचारतं का?" पुण्याचा एक नियम आणि इथला एक संकोच, या दोघांनी मिळून एका म्हाताऱ्या माणसाला बावीस दिवस एकटं बसवलं होतं. मला रडावं की हसावं कळेना. मी दोन्ही केलं.

पॅम उठली, बाहेर गेली आणि जे तीन वर्षांत कोणी केलं नव्हतं ते तिने केलं. कोटाच्या बाहीने फळा पुसला. काकांच्या डब्यातला खडू घेऊन वाकड्यातिकड्या अक्षरात, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लिहिलं: काकांची पत्नी वारली. आम्हाला ठाऊक नव्हतं. शनिवारी दोन वाजता हॉलमध्ये या. जेवण आणा, मांस नको. मग जरा थांबली आणि खाली लिहिलं: गेल्या वर्षीच्या लोणचे स्पर्धेत पहिला क्रमांक त्यांचा होता.

मी काकांना हाताला धरून फळ्यापाशी आणलं. ते वाचत राहिले. शेवटच्या ओळीशी पोचले तेव्हा त्यांनी कानटोपी काढली. पॅमला वाटलं, फळा पुसला म्हणून चिडले. ती सॉरी सॉरी म्हणू लागली. काकांनी तिच्या हातातला खडू घेतला आणि कडेला उरलेल्या बोटभर जागेत चौकट काढायला सुरुवात केली. दोन सरळ रेघा असतील असं मी धरून चालले होते. त्यांनी वेलबुट्टी काढली. पानं, कळ्या, कोपऱ्यांत चार लिंबं. काढून झाल्यावर लांब होऊन पाहिलं आणि मला मराठीत म्हणाले, "बाईंनी समास सोडला नाही." मग तिथेच हॉलच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले. पॅम त्यांच्या शेजारी गमबुटांसकट बसून राहिली.

त्या शनिवारी हॉलमध्ये भोपळ्याची सूपंच अकरा होती. ट्रकवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाक केला होता, आणि तो पहिल्या प्रयत्नात जमला नव्हता हे काकांनी खाऊन त्याला सांगितलं.

अल्बनीची नोकरी लेकीने तोवर घेतली होती, त्यामुळे काकांना जावं लागलं. पण उरलेले खडूचे डबे ते हॉलमध्ये ठेवून गेले. आता आम्ही पाळीपाळीने लिहितो, गुरुवार माझा. कोणाचंच अक्षर धड नाही. काका रोज सकाळी फोन करतात. तिथे मॉल आहे, बस दारात येते, सगळं आहे, पण कोणाची गाय व्याली ते कळत नाही म्हणतात. मी फळा वाचून दाखवते, ते ऐकतात आणि शेवटी विचारतात, "समास सोडलास ना?" सोडला असं मी सांगते. निम्म्या वेळा ते खोटं असतं.

मागच्या बुधवारी बोलता बोलता म्हणाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चार दिवस झाले, बरं आहे, सांगण्यासारखं काही नाही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. खडू आता त्यांच्या हातात नाही, तेव्हा त्यांच्या घरचं लिहायला हरकत नव्हती. गुरुवारी मी चार बोटं मोजून समास सोडला आणि जमेल तशी वेलबुट्टी काढून ती बातमी लिहिली. दुपारी दुकानाबाहेर आले तर पायरीवर सात झाकलेली भांडी होती. दार कोणीच वाजवलं नव्हतं. ती फ्रीजमध्ये ठेवली आणि रविवारी गाडीत घालून मी अडीच तास चालवत अल्बनीला गेले. काकांनी हिरवा चष्मा लावून दार उघडलं, एकेका भांड्याचं झाकण उचलून वास घेतला आणि कोणतं कोणाकडचं ते न चुकता ओळखलं. मग काकूंच्या फोटोसमोर, त्या रिबनवाल्या रिकाम्या बरणीशेजारी, ती सातही भांडी ओळीने मांडली आणि म्हणाले, "बघ गं, गावाकडून आलंय."